चार मैलांपर्यंत एकशेसाठ

"आज चार वाजता माझं लायसन्स जाणार आहे," दारातूनच ती मुलगी म्हणाली, "आणि चूक माझी नाहीये!"

भाऊजींचा चहा बशीत सांडला. वहिनी मात्र शांतपणे खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून सांग."

खासगी तपास हा वहिनींचा धंदा. त्यांचे दीर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ते सोबत फिरून टिपणं काढत. निष्कर्षही काढत, पण ते बहुधा चुकत.

मुलगी विमानतळावर कंट्रोलर होती. "काल दोन विमानं एकामागोमाग उतरत होती. मध्ये चार मैल अंतर. ते तीनच्या खाली जाता कामा नये. दोघांनाही मी सांगितलं, धावपट्टी चार मैलांवर येईपर्यंत एकशेसाठ नॉटचा वेग ठेवा. दोघांनीही सूचना परत म्हणून दाखवली, टेपवर आहे. पण पुढच्यानं नऊ मैलांवरच वेग पाडला! मागचं अंगावर यायला लागलं, म्हणून मी ते पुन्हा वर पाठवलं. दीडशे माणसं होती त्यात."

"मग घोडं कुठे अडलं?"

"पुढचा कॅप्टन म्हणतो, त्यानं वेग एकशेसाठच ठेवला, माझाच हिशेब चुकला. ब्लॅक बॉक्सचा अहवाल पंधरा दिवसांनी येणार. चौकशी समिती तोवर थांबायला तयार नाही."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या होत्या. भाऊजींना वही सापडेपर्यंत त्या जिना उतरूनही गेल्या.

पुढच्या विमानाचा कॅप्टन ऐटीत बसला होता. "रडारवर माझा वेग एकशेवीस दिसतो, कबूल. पण आमचा काटा हवेच्या हिशेबानं वेग दाखवतो आणि रडार जमिनीच्या, बाई. वर समोरून चाळीसचा वारा होता. एकशेसाठातून चाळीस गेले, किती उरले?"

भाऊजींनी वजाबाकी केली. बरोबर आली. त्यांना मुलीची फार कीव आली.

"सूचना तुम्ही स्वतः ऐकलीत?"

"या कानांनी. अकरा बेचाळीसला. तेव्हा मला दुसरं कामच नव्हतं."

त्याचा को-पायलट तरुण होता. "टेपवरचा आवाज माझा," तो म्हणाला. पुढच्या तीन प्रश्नांना मात्र एकच उत्तर आलं, "सर म्हणतात तसंच." प्रत्येक वेळी त्यानं आधी सरांकडे पाहिलं.

"पोरगा बहुतेक डुलकी काढत होता," भाऊजी कुजबुजले.

"झोपेत सूचना परत म्हणून दाखवली?" वहिनींनी विचारलं. भाऊजींनी ते टिपण खोडलं.

मागच्या विमानाचा कॅप्टन म्हणाला, "माझा काटा एकशेसाठवर होता." रडारच्या कागदावर, नऊ मैलांच्या त्याच जागी, दीड मिनिटानंतर त्याचा वेग एकशेपन्नास दिसत होता.

पुढच्या विमानाच्या कंपनीच्या कचेरीत एक बोलकी बाई रेडिओची नोंदवही सांभाळायची. "एका आजोबांसाठी व्हीलचेअर मागवली होती कॅप्टनसाहेबांनी. गप्पिष्ट आहेत हो! ही बघा नोंद, अकरा एकेचाळीस ते अकरा त्रेचाळीस."

वहिनींचे डोळे चमकले. "भाऊजी, पळा! चारला दहा कमी आहेत."

समितीच्या खोलीत पुढच्या विमानाचा कॅप्टन आणि को-पायलट हजर होते, आणि अध्यक्षांनी पेन उघडलं होतं. मुलीचं लायसन्स त्यांच्यासमोर टेबलावर पडलं होतं.

"वाऱ्यापासून सुरुवात करू," वहिनी म्हणाल्या. "एकच आकाश, एकच जागा, दीड मिनिटाचा फरक. मागच्या विमानाचा वेग वाऱ्यानं दहानं कमी केला आणि पुढच्याचा चाळीसनं? वारा काय माणूस बघून वाहतो? वारा दहाचाच होता. म्हणजे कॅप्टन, तुमचा काटा एकशेतीसवर होता."

"मागचाच एकशेनव्वदनं आला असेल!" कॅप्टन उसळला.

"मग अकरा बेचाळीसकडे वळू. कंट्रोलरशी को-पायलट बोलत होता, हे टेप सांगते. त्याच मिनिटाला तुम्ही दुसऱ्या रेडिओवर व्हीलचेअर मागत होता, हे तुमच्याच कंपनीची वही सांगते. तुम्ही ती सूचना ऐकलीच नाहीत. गप्पा संपवून वळलात, तर वेग तुम्हाला जास्त वाटला, आणि तुम्ही तो कमी करायला लावलात. सूचना एकालाच ठाऊक होती."

सगळ्यांच्या नजरा को-पायलटवर खिळल्या. या वेळी त्यानं सरांकडे पाहिलं नाही.

"सर म्हणाले, 'अजून एवढा वेग? कमी कर.' एकशेसाठ सांगितलंय हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सर एकवीस वर्षं उडवतायत, मी आठ महिने."

कॅप्टनचा चेहरा पार उतरला. "मीही विचारलं नाही," तो पुटपुटला. "आणि नंतर कबूल करायची लाज वाटली."

अध्यक्षांनी पेन मिटलं आणि लायसन्स मुलीकडे सरकवलं. भाऊजींनी आनंदानं टेबलावर थाप मारली.

मुलगी हसली नाही. ती को-पायलटसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमच्या कॉकपिटमध्ये काय चाललंय ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही 'एकशेसाठ' म्हणालात, त्या शब्दावर मी दीडशे माणसं तुमच्या मागे सोडली होती."

तिनं लायसन्स खिशात घातलं आणि ती ड्यूटीवर निघाली.