कॅथलचे बिनमिठाचे ताट

हॅलोविनच्या संध्याकाळी घरातल्या मृतासाठी काढून ठेवलेला घास जिवंतांच्या पातेल्यात परत पडला तर काय होते, याविषयीची कथा आमच्या पश्चिमेकडच्या परगण्यांत तीन रूपांत आढळते. किनाऱ्यावरच्या रूपात तो घास एक भटक्या चोरून खातो आणि पुढे सात घरी जेवूनही उपाशीच राहतो. डोंगराकडच्या रूपात आळशी मोलकरीण ताट धुण्याचा कंटाळा म्हणून तो पातेल्यात ढकलते, आणि सगळे घर नाताळपर्यंत जेवून उठते ते भुकेलेच. तिसरे रूप मला दोनच वृद्धांकडून मिळाले आणि ते सर्वांत त्रोटक आहे: घास परत पडला, घरातले कोणी 'तो', म्हणजे तो मृत, होऊन जेवू लागले, कोणी मीठ टाकले, तो गेला. मृतांना मीठ चालत नाही, या समजुतीवर तिन्ही रूपे उभी आहेत. आणखी एक गोष्ट तिन्हींत समान आहे. सांगणारा नेहमी दुसऱ्याच्या घरचे सांगतो. मी माझ्या बहिणीच्या घरचे सांगणार आहे, आणि तीस वर्षे लोककथांच्या संग्रहालयासाठी अशा कथा टिपून घेतल्यावरही मला ते नीट सांगता येत नाही, याची चीड येते.

हॅलोविनच्या त्या शुक्रवारी मी बहिणीकडे, रॉसकॉमनला गेलो तो केवळ हातभार लावायला. शाळांना सुट्टी होती, मुले घरीच होती. माझी धाकटी बहीण डर्वला हिने फोनवर एवढेच म्हटले होते, "दादा, ये. मी एकटीने नाही निभवू शकत."

तिचा नवरा कॅथल मार्चमध्ये गेला. "जेवण गरम ठेव, दहा मिनिटांत येतो," असे सांगून तो उतारावरच्या शेताकडे गेला आणि ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडला. त्याला जेवायला बोलावून आणायला ज्या मुलीला पाठवले, ती त्याची सहा वर्षांची ब्रोना. तेव्हापासून ब्रोना जेवत नव्हती. अर्धा पेला दूध, पावाची एखादी कड, एवढ्यावर दिवस जात. सोमवारी दवाखान्यात तिचे वजन व्हायचे होते. ते आणखी उतरलेले निघाले तर तिला भरती करून नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. सणाच्या निमित्ताने मुलीला तिच्या हातांनी काही सोपे, गमतीचे करू द्या, आपण केलेले मूल चाखून पाहते, हा सल्लाही त्यांचाच.

सल्ला देणाऱ्याने कधी मुलांबरोबर स्वयंपाक केला असेल, असे मला वाटत नाही.

सॉसेजभोवती पिठाच्या पट्ट्या गुंडाळून ममी करायच्या होत्या. पट्ट्या चिकटत नव्हत्या. चिकटत होत्या त्या माझ्या बोटांना. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटांवर चालणारी लोखंडी चूल त्या दिवशी उलटा धूर टाकत होती, आणि तिच्या ओव्हनमध्ये पहिली खेप एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली.

"मामा, ही ममी आहे की बाळंतीण? पोट बघ तिचं," ब्रोनाचा नऊ वर्षांचा भाऊ लोर्कन म्हणाला.

"दादा, तू दिवसभर त्या संग्रहालयात करतोस तरी काय रे?" डर्वला कडाडली. "एक पट्टी गुंडाळता येत नाही?"

सफरचंदांच्या फोडींचे जबडे करून त्यांत बदामाच्या काड्यांचे दात खोचायचे होते. दात घालेपर्यंत फोडी काळ्या पडल्या. चुलीशेजारच्या खुर्चीतून डर्वलाच्या सासूबाई, कॉन्सेप्टा, हे सगळे पाहत होत्या.

"आमच्या वेळी सफरचंद आपण खायचो," त्या म्हणाल्या. "त्याला दात लावून तेच आपल्याला चावेल अशी सोय करत नव्हतो."

"आई, बोलायचंच असेल तर बटाटे सोलता सोलता बोला."

खरा वैताग याहून वेगळा होता. ब्रोना सगळे मन लावून करत होती. ममीला मोहरीचे दोन डोळे लावायची, ताटलीत निजवायची, आणि खा म्हटले की हात मांडीवर ठेवून गप्प बसायची.

"अगं, एक घास तरी..."

"मी हिला डोळे दिलेत. आता ती बघतेय ना. कशी खाऊ?"

"मग डोळे लावू नकोस!"

"मग ती आंधळी होईल, आई."

डर्वला माझ्याकडे पाहू लागली. टेबलावर एकवीस जीव डोळे उघडे ठेवून पडले होते, आणि त्यांतल्या एकालाही खाणे आता शक्य नव्हते.

पाचच्या सुमारास अंधारू लागले. शेवटचा पदार्थ उरला होता: कोबी घालून कुस्करलेला बटाटा, आमचा कोलकॅनन. त्याची भुते करायची होती. हॅलोविनला हा पदार्थ या घरात नेहमी कॅथल करत असे. या खेपेला कॉन्सेप्टांनी केला. बटाटे बिनमिठाच्या पाण्यात उकडले, लोणीही मुद्दाम बिनमिठाचे आणलेले. रीत अशी, की पातेल्यात मीठ पडण्यापूर्वी पहिला डावभर घास घरातल्या मृताचा. त्यांनी तो निळ्या ताटात काढला, मध्ये खळगा करून लोणी सोडले, हलक्या आवाजात "हे कॅथलचं" म्हटले आणि ताट खिडकीत ठेवायला निघाल्या.

"नाही," डर्वला म्हणाली. "आज नाही."

"अगं, त्याचं पहिलंच वर्ष..."

"माझी जिवंत पोर उपाशी मरतेय, आणि तुम्ही मेलेल्याला वाढताय?" तिने ताट हिसकावून घेतले आणि पातेल्यात उलटे केले.

"डर्वला! नाव घेऊन काढलंय ते."

"नाव मी रोज घेते, आई. येतो का?"

कॉन्सेप्टांनी मिठाची बरणी टेबलावर ठेवली, न उघडताच, आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. पातेल्यात मीठ पडले नाही, हे मी पाहिले. मला तिन्ही रूपे तोंडपाठ होती. पण सासूसुनेच्या भांडणात ग्रंथ उघडणाऱ्या माणसाला काय ऐकून घ्यावे लागते तेही मला ठाऊक होते, म्हणून मी गप्प राहिलो. या मौनाचे समर्थन मी करत नाही.

ब्रोनाने कुस्कऱ्याची भुते वळली. हिरव्या कोबीमुळे ती विचित्र दिसत होती.

"शेवाळलेली भुतं," लोर्कन म्हणाला. "विहिरीतली."

डोळ्यांसाठी वाटाणे काढून ठेवले होते. ब्रोनाने ते बाजूला सारले. तिने ताटली पुढे ओढली, डावा हात ताटलीभोवती कुंपणासारखा ठेवला, आणि खायला सुरुवात केली.

एक भूत. दुसरे. तिसरे. चमचा खाली न ठेवता, मान वर न करता. डर्वला तोंडावर हात धरून उभी होती. तिच्या बोटांवरून आसवे ओघळत होती. "खा गं माझी बाई, खा..."

मीही त्या क्षणी आनंदलोच होतो. पण हळूहळू स्वयंपाकघरात एक प्रकारची शांतता जाणवू लागली. चुलीचा धूर थांबला होता. करपलेल्या पिठाचा वास ओसरून त्या जागी दुसरा वास येत होता, ओल्या मातीचा आणि डिझेलचा. आणि ब्रोना खाताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती, सूर असा नव्हताच, नुसती घरघर; लांबवर चढणीला लागलेल्या यंत्रासारखी.

लोर्कनने माझी बाही ओढली. "मामा... ती हात असा का ठेवते?"

सहा भावांत वाढलेल्या कॅथलला ताटाभोवती हात ठेवून जेवायची सवय होती. यावरून त्याची थट्टा मीच कितीदा केली होती.

"डर्व," ब्रोना म्हणाली, "लोणी सरकव की जरा."

आवाज मुलीचाच होता. पण माझ्या बहिणीला 'डर्व' म्हणणारा माणूस जगात एकच होता.

डर्वलाने लोणी सरकवले. ताटली रिकामी झाली, तिने पुन्हा भरली, तीही रिकामी झाली. आणि मी, दिव्याखाली, ब्रोनाचे मनगट पाहत होतो. ते भरत नव्हते. घासागणिक त्यावरचे हाड अधिक वर येत होते. ओठ सुकून पांढरे पडत चालले होते. मध्येच, दोन घासांच्या मधल्या फटीतून डोकावल्यासारखा, तिचा स्वतःचा बारीक आवाज आला.

"आई... मला भूक लागलीय. मला कधी देणार?"

आणि चमचा पुन्हा चालू झाला.

"मीठ घाल, डर्वला," मी म्हणालो.

तिला ते सांगावे लागले नाही. याच परगण्यातल्या गोष्टींवर आम्ही दोघे वाढलो. तिने बरणी उचलली, झाकण काढले, मूठ भरली. आणि थांबली.

"डर्वला!"

"एक मिनिट, दादा."

"तिच्याकडे बघ. एक मिनिट नाहीये."

"एकच मिनिट रे..." ती टेबलाशी गुडघ्यांवर बसली. "कॅथल... खूप वेळ लागला का रे? दुखलं का?"

मुलीचे तोंड चावत राहिले. मग म्हणाले, "गरम ठेवलं होतंस?"

"ठेवलं होतं. रात्रीपर्यंत ओव्हनमध्ये होतं. मला काढवेना."

"मग वाढ ना."

आणि माझ्या बहिणीने वाढले. एका हाताच्या मुठीत मीठ आवळून धरले होते, दुसऱ्या हाताने तिने डाव भरला आणि आपल्या मुलीच्या ताटलीत, मुलीचा नसलेला घास वाढला. मी बरणीकडे झेपावलो तेव्हा तिने माझा हात असा पकडला की नखांचे व्रण आठवडाभर राहिले. लोर्कन भिंतीला टेकून रडत होता. "आई, टाक ना... आई, ती पडेल..."

तिसऱ्या रूपात, तो जेवू लागणे आणि मीठ टाकणे यांच्या मध्ये एकही वाक्य नाही. दोन्ही वृद्धांनी ते एका दमात सांगितले होते. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आमच्याकडे मधली अकरा मिनिटे गेली. सांगणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती असे मला आता वाटत नाही. त्यांनी ती वगळली असावीत. मलाही वगळता आली असती.

ब्रोनाची मान कलंडू लागली तेव्हा डर्वला म्हणाली, "पुरे आता. ऐकतोस ना? पोरीला जेवू दे." आणि तिने मूठ ताटलीत उघडली, उरलेली बरणी पातेल्यात रिकामी केली.

ब्रोनाने घास थुंकला. तिचा डावा हात ताटलीवरून गळून पडला. मग ती रडू लागली, मोठ्याने, चिडून, सहा वर्षांच्या मुलीसारखी. "शी! किती खारट केलंस!"

लोर्कनने एक ममी तिच्यापुढे धरली. ती चिडलेली होती, म्हणून असेल. तिने ममीच्या डोळ्यांचा विचार केला नाही. अर्धी ममी खाल्ली, वर दूध प्यायली, आणि टेबलावरच झोपली.

सोमवारी वजन दीडशे ग्रॅमने वाढलेले निघाले. भरती करण्याचा विषय मिटला. नोव्हेंबरभर फोनवर एकच बातमी होती: ब्रोना अंडे खाते, ब्रोना सूप मागते, ब्रोनाने लोर्कनचा बिस्किटांचा पुडा चोरला. डर्वला स्वतःविषयी काही सांगत नसे. मीही विचारले नाही. पुन्हा तेच मौन.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी भर दुपारी तिथे गेलो. मुले जेवून आजीबरोबर चर्चच्या बाजारात गेली होती. ब्रोनाची ताटली चाटूनपुसून साफ होती. डर्वलाला पाहून मात्र मी दारातच थांबलो. तिचा स्वेटर खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता; गालांची हाडे वर आली होती.

"जेवतेस ना नीट?" मी विचारले.

"दोन्ही वेळा. पोटभर," ती म्हणाली. ती थकलेली होती, पण दुःखी दिसत नव्हती. मार्चनंतर मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती.

"डर्वला, ऐक माझं..."

"तुझी ती तीन रूपं मला माहीत आहेत, दादा."

तिने चुलीवरून एक लहान पातेले उतरवले. बटाटा आणि कोबी. फडताळातले मीठ तिने काढले नाही. टेबलावर तेच एक निळे ताट मांडले आणि एकच खुर्ची ओढली.

"तू जरा बाहेर बस," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन बसलो. तिने दाराला आतून कडी घातली.