पाकीट उघडायच्या आधी

लिफ्ट बंद होती, आणि जिन्याच्या वळणावर तो मला जवळजवळ धडकलाच. दोन्ही हातांनी छातीशी एक थर्मास कवटाळलेला, आईस्क्रीम न्यायला वापरतात ना, तसला रुंद तोंडाचा. कपाळावरून घाम गळतोय, पण डोळे थर्मासवर.

"अहो, सांभाळून," मी म्हटलं. "आईस्क्रीम सांडेल."

"आईस्क्रीम नाही हो," तो धापा टाकत म्हणाला. "ताई आहे."

त्यानं झाकण उघडून दाखवलं. बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध, स्वच्छ रुमालात गुंडाळलेला एक चपटा प्लास्टिकचा ठोकळा. त्यावर पांढरं मेण, आणि मेणात दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी फिकट.

"बायोप्सीचा ब्लॉक," मी हळूच म्हणाले.

"दुसऱ्या हॉस्पिटलातून आणलाय. तिथला माणूस म्हणाला, उन्हात मेण मऊ पडतं. मग काय, बसमध्ये जागा होती तरी उभ्यानं आलो. मांडीवर ठेवला असता, पण मांडी गरम असते ना…"

मला हसू आवरेना. एवढ्या काळजीनं आणलेली वस्तू, आणि मी हसतेय! जीभ चावली.

"या माझ्या मागून," मी म्हटलं. "तुमच्या ताई माझ्याच टेबलावर यायच्या आहेत."

चौथ्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. अशा ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचे, पातळ काप घ्यायचे, काचेवर बसवायचे, त्यांना रंग चढवायचा… एवढंच माझं काम. पुढचं मॅडम बघतात. त्या डॉक्टर. त्यांची सही झाली की मगच तो रिपोर्ट.

त्याच्या ताईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. लहानशी, पण क्वचितच आढळणाऱ्या जातीची. अशा गाठींचा स्वभाव वरवर बघून कळत नाही. काही वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहतात, काही गुपचूप यकृताकडे निघतात. मात्र पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन असतं. ते शाबूत आहे की हरवलंय, यावरून गाठ पुढे काय करेल याचा बराचसा अंदाज येतो. आमच्या रंगानं ते तपकिरी दिसतं. तपकिरी दिसलं, तर गाठीवर नुसती नजर ठेवायची. नाही दिसलं, तर पोट उघडून मोठं ऑपरेशन… आणि उशीर झालेला नसू दे, अशी प्रार्थना.

"रिपोर्टला वेळ लागेल," मी त्याला सांगितलं. "घरी जाऊन बसा."

"घरी ताई बसू देत नाही. म्हणते, तुझ्या येरझाऱ्या बघून माझं पोट जास्त दुखतं."

"मग इथे बसा. पण एक अट. ब्लॉकबद्दल मला काही विचारायचं नाही. सही होईपर्यंत मी भिंतीलासुद्धा सांगत नाही."

"बरं. बाकीचं विचारलं तर चालेल?"

"बाकीचं काय?"

"हेच… चहात साखर किती घेता. असलं गंभीर."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. फर्निचर बनवायचा तो, हात सतत काहीतरी शोधत असायचे. कॉरिडॉरमधला बाक डुगडुगायचा, त्याचा पाय त्यानं नीट केला. खिडकी दिवसभर आपटायची आणि कोरडा वारा धूळ घेऊन आत यायचा. तिची कडी त्यानं बदलली. मधल्या वेळात काचेपलीकडून माझं काम बघायचा.

"तुम्ही तर माझ्यापेक्षा बारीक रंधा मारता," एकदा चहाचा पेला पुढे करत तो म्हणाला. "माझी ढलपी जमिनीवर पडते. तुमची पाण्यावर तरंगते."

"तुमची चुकली तर दुसरी फळी मिळते. माझ्याकडे दुसरी नसते."

"म्हणून मशीनला नमस्कार करता होय?"

माझे कान तापले. हे यानं कधी पाहिलं? "मशीनला नाही," मी म्हणाले. "ब्लॉकवरच्या नंबरला. मला नाव कळत नाही ना कुणाचं. प्रत्येक ब्लॉक हातात घेतला की डोळे मिटते. देवा, हे तुझंच माणूस आहे, सांभाळ. एवढंच. सगळ्यांना तेवढंच."

त्यानं विचारलं, "माझ्या ताईलाही तेवढंच?"

"नियम आहे माझा," मी म्हणाले… आणि नजर चहाकडे वळवली. कारण ते खरं नव्हतं. त्याच्या ताईचा ब्लॉक हातात घेतला त्या सकाळी मी भलतंच काहीतरी पुटपुटले होते. चक्क वशिला लावला होता देवाकडे!

त्याची शिक्षा असावी तशी ताईच्या कापाची काच माझ्यासमोर आली.

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं… निळं. सगळीकडे निळं. तपकिरीचा एक ठिपका नाही. मी काच सरकवली, पुन्हा पाहिलं. काच मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले, तर तो समोरच. दोन हातांत दोन पेले.

"आज मी साखर न विचारता…"

"काम आहे," मी म्हणाले. मान खाली घालून पुढे निघून गेले.

परत वळून पाहिलं तेव्हा बाकावर दोन भरलेले पेले होते. तो नव्हता.

"अगं, इकडे ये," आतून मॅडमनी हाक मारली. "ही रक्तवाहिनीची भिंत बघ. ही तर निरोगी आहे ना? हिच्यात प्रथिन असायलाच हवं. मग ही का कोरी?"

मी पाहिलं. खरंच कोरी होती.

"म्हणजे… रंग चढलाच नाही?"

"नाही चढला. तुकडा तिकडे फॉर्मालिनमध्ये, टिकवायच्या त्या द्रावणात, जास्त वेळ पडून राहिला असणार. एरवी तू हे आधी बघतेस. आज लक्ष कुठे होतं?"

लक्ष बाकावर होतं.

"ब्लॉकमध्ये आता फारसं उरलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणखी एखादा काप निघेल. तो बिघडला, तर बिचारीला पुन्हा सुई टोचायची. हात थरथरत असेल तर दुसऱ्या कुणाला सांगते."

"नको. मीच घेते."

त्यानंतर तो आलाच नाही. बाक डुगडुगत नव्हता, खिडकी आपटत नव्हती, आणि मला ती शांतता सोसवेना. दाराचा आवाज झाला की मान वर जायची. त्याला फोन करून काय सांगणार? 'मान खाली घातली त्याचा तसा अर्थ नव्हता' एवढंही सांगायची मला मुभा नव्हती. आणि खरं तर तेव्हा होताच तसा अर्थ.

ब्लॉक बर्फावर ठेवला. डोळे मिटले. या वेळी वशिला नाही. देवा, हे तुझंच माणूस आहे, सांभाळ… सगळ्यांना तेवढंच. मग हात आपोआप स्थिर झाला. काप अलगद निघाला, पाण्यावर पसरला, एक सुरकुती नाही. फॉर्मालिननं झाकलेलं प्रथिन मोकळं व्हावं म्हणून काच रंगाआधीच्या द्रावणात नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळली, मग रंग चढवला.

आधी रक्तवाहिनी पाहिली. तपकिरी. मग गाठीच्या पेशी… एकेक केंद्रक, बारीक बारीक, रांगेनं… तपकिरी. तपकिरी. तपकिरी!

मी काच उचलून मॅडमकडे गेले. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चेहरा आवर आधी. अजून सही व्हायचीय."

रिपोर्ट न्यायला तो आला. खालच्या काउंटरवरून पाकीट घेऊन थेट चौथ्या मजल्यावर. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. पाकीट बंदच.

"उघडलं नाही?" मी विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही मान खाली घालून गेलात ना, तेव्हाच मला कळलं. घरी जाऊन ताईसमोर रडलो. ती म्हणाली, ती मुलगी तुला काही बोलली का? नाही ना? मग तू कोण लागून गेलास निकाल लावणारा!"

"बरोबर बोलल्या."

"आणखी एक बोलली." तो पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "म्हणाली, तुला तिला जे विचारायचंय ते पाकीट उघडायच्या आधी विचार. वाईट निघालं तर ती दयेनं हो म्हणेल. चांगलं निघालं तर तू आनंदाच्या भरात विचारलंस असं वाटेल तिला."

अहो, पाकिटात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मला होतं ना! नुसते ओठ हलले असते तरी त्यानं सगळं वाचलं असतं. मी गळ्यातला मास्क वर ओढला, नाकावर घट्ट बसवला.

"विचारा."

"हे काय? मास्क?"

"धूळ येते."

"खिडकी मी दुरुस्त केलीय. धूळ येत नाही."

"विचारता, की जाऊ मी?"

"चहा… म्हणजे… रोजचा. आपल्या घरी. तुम्ही आणि मी… तुमची साखर मला पाठ आहे."

"हो," मी म्हणाले. होईल तितक्या कोरड्या आवाजात, ब्लॉकचा नंबर वाचावा तशी.

"दयेनं?"

"पाकीट उघडा."

"डोळे हसतायत तुमचे."

"डोळ्यांना मास्क नसतो. उघडा ना आता!"

त्यानं उघडलं. वाचलं. परत वाचलं. मग बाकावर धपकन बसला. "प्रसाराची शक्यता कमी… ऑपरेशन नको… नुसती तपासणी…" एवढंच पुटपुटत राहिला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"बोल रे," पलीकडून खणखणीत आवाज. "आधी सांग, ती काय म्हणाली? रिपोर्टचं नंतर बघू."

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. मी मास्क खाली ओढला.

"ताई…" मी म्हणाले.

पलीकडून, "अगोबाई! ताई म्हणाली! म्हणजे ठरलं की! बरं, आता तूच सांग गं, रिपोर्ट काय आलाय?"

मी फोनजवळ वाकले.

"रिपोर्ट मी कुणाला सांगत नाही, ताई," मी म्हणाले. "तो तुमचा भाऊ सांगेल."

आणि तो सांगू लागला. अडखळत, नाक ओढत, मधेच हसत… त्याचा मोकळा हात मात्र माझ्या हातावर होता, आणि पहिल्यांदाच त्याला दुसरं काही दुरुस्त करायचं नव्हतं.