मागचं सांगणारी

"हे टोक जरा धरता का?"

सिग्नेने वळून पाहिलं. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. त्याच्या खांद्यावर पिवळ्या दोरीचं वेटोळं होतं. सकाळचे सहा वाजले होते. तळ्यावर धुकं अजून तरंगत होतं. या गावात चर्चचा ऑर्गन वाजवायला ती मे महिन्यात आली होती. रोज सकाळी पाण्याकाठी एक स्तोत्र म्हणायचं आणि मगच कॉफी प्यायची, असा तिचा नेम. तो पुरा होतो न होतो तोच ही हाक.

"धरते. पण कशाला?"

"मापायला. बोटीमागे माणसांचा मनोरा उभा करतो आम्ही, त्याच्या सगळ्या दोऱ्या एकसारख्या लागतात. एक जरी वीतभर लांब निघाली तर डोलारा कलतो. ओढा."

"ओढली की."

"याला ओढणं म्हणतात? चर्चची घंटा अशीच वाजवता वाटतं?"

"घंटा दुसरे वाजवतात. मी ऑर्गन वाजवते," म्हणत तिने असा हिसका दिला, की तो दोन पावलं पुढे आला आणि त्याचा एक बूट थेट पाण्यात.

पालथ्या बादलीवर बसून कॉफी पिणारी एक म्हातारी खुदकन हसली. ती आर्डिस आत्या. वॉटर स्की क्लब तिनेच उभा केलेला, आणि ओला बूट झटकणारा ऑगी तिचा भाचा, क्लबच्या बोटीचा चालक.

"ऑर्गनवाली, तू वेदीकडे पाठ करून बसतेस ना?"

"हो. वर छोटा आरसा असतो, त्यात दिसतं."

"म्हणजे हात न थांबवता पाठीमागचं कळतं तुला. अशीच बाई मी दोन महिने शोधतेय. ऑगी, हिला निशाण दे."

असं कोणी पडलं की उंचावायचं केशरी निशाण तिच्या हातात आलं, आणि चालकाशेजारची, मागे तोंड असलेली उलटी खुर्ची तिची झाली.

त्या खुर्चीला इतिहास होता. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आर्डिसच्या दोघा भावांनी गोठ्याच्या फळ्या वाफेवर वाकवून पायांना बांधल्या आणि मासेमारीच्या होडीमागे पाण्यावर उभे राहिले. गाव काठावर लोटलं. होडी चालवणाऱ्याला राहवलं नाही. त्याने कौतुकाने मागे पाहिलं, आणि होडी धक्क्यावर चढली. एका भावाचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून क्लबचा नियम एकच : चालक मागे पाहणार नाही. मागचं पाहायला दुसरा माणूस. सगळे उभे आहेत तोवर त्याने दर श्वासाला "आहेत" म्हणायचं. तो गप्प झाला, म्हणजे कोणीतरी पडलं. मग चालकाने वेग सोडायचा.

ऑगी पुढे पाहायचा आणि सिग्ने मागे. खांद्याला खांदा, पण तोंडं दोन दिशांना. आहेत... आहेत... आहेत... तिचा आवाज मुळातच हळू. इंजिनाच्या घरघरीत तो ऐकू यावा म्हणून ऑगी कान तिच्याकडे कलता ठेवी. सरावानंतर बोट धक्क्याला लागली की तो विचारी, "आज कसा होता मनोरा?"

"तू खरंच कधी पाहिला नाहीस?"

"अकरा वर्षं ओढतोय. आरशात खालच्या रांगेचे गुडघे दिसतात तेवढेच."

"आणि टोवा?" टोवा म्हणजे सगळ्यात वर चढणारी कॉलेजातली सडसडीत मुलगी.

"टोवाचे गुडघेसुद्धा नाहीत. सांग ना."

मग ती सांगायची. खाली पाण्यावर घसरणारे चौघे, त्यांच्या खांद्यांवर तिघे, मग दोघी, आणि सर्वात वर एकटी टोवा. चढताना ती कोणाच्या मांडीवर पाय देते, कोण दात-ओठ खातं, कोणाच्या कानाला तिची टाच लागते. ऐकताना ऑगी डोळे मिटून घ्यायचा. एकदा तो म्हणाला, "तू सांगतेस ना, तेव्हा मला वाटतं..."

"काय वाटतं?"

"वाटतं, की... दोरी ओली आहे, गुंडाळून ठेवावी."

ती हसली. मग सबंध आठवडा ऑर्गनवर तिची बोटं उगाचच हलकी पडत राहिली.

जुलैत शेजारच्या तळ्यावर स्पर्धा होती. ढग विरले तेव्हा संध्याकाळचं ऊन आडवं येत होतं. बोट वळली, मनोरा उभा राहिला, आणि नेमका टोवाच्या पाठीमागे सूर्य आला. दहा माणसं पाण्यावर उभी... पाणी सोनं झालेलं, आणि वर हात पसरलेली ती एवढीशी आकृती, जशी कोणी आत्ताच आभाळातून उतरवून हलकेच ठेवली असावी. सिग्नेचे ओठ उघडेच राहिले.

ती गप्प झाली.

ऑगीने वेग सोडला. वेग गेल्यावर पाणी कोणाला धरत नाही. टोवाच्या हनुवटीला पाच टाके पडले.

त्याच रात्री सिग्नेने निशाण धुऊन, घडी घालून आर्डिसच्या टेबलावर ठेवलं. ड्युलूथ शहराच्या मोठ्या चर्चचं बोलावणं महिनाभर तिच्याकडे पडून होतं. सप्टेंबरात येते, असं तिने कळवून टाकलं, आणि ते गावभर झालं.

दहा दिवस ऑगी दिसला नाही. अकराव्या दिवशी ती चर्चमध्ये ऑर्गनचा सराव करत असताना आरशात तो दिसला. टोपी हातात घेऊन जिन्याशी उभा होता. तिने हात थांबवले नाहीत.

"कोण पडलं होतं आधी?" त्याने विचारलं. "मी सगळ्यांना विचारलं. कोणी कबूल होत नाही."

सूर थांबले.

"कोणीच नाही. सगळे उभे होते, ऑगी. इतके... इतके सुंदर उभे होते, की माझा शब्दच गेला. माझ्या हातून झालं ते."

त्याने हातातली टोपी उलटसुलट केली. मग म्हणाला, "अकरा वर्षं मी जे ओढतोय, ते बघून माणसाची वाचा जाते?"

"जाते."

"आणि ते मलाच माहीत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, तहान होती. आरशातल्या त्या चेहऱ्याकडे पाहताना तिच्या मनाने काहीतरी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती आर्डिसकडे गेली. "आत्या, निशाण मी एकदाच परत घेते. मोसमाच्या शेवटच्या खेळाला. पण बोट तुम्ही चालवायची."

"मी? नऊ वर्षांत चाकाला हात लावला नाही. भाच्याचे हात मोडले का?"

"नाही. त्याला माझ्याशेजारी बसवायचंय. मागे तोंड करून."

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "टोवाला विचार. हनुवटी तिची आहे."

टोवा म्हणाली, "ऑगी मला बघणार? मग केस विंचरून येते. पण ऑर्गनवाली, या वेळी तोंड चालू ठेव गं."

सप्टेंबरातला पहिला रविवार. काठावर गाव घोंगड्या अंथरून बसलेलं, तळलेल्या चीजचा वास पाण्यापर्यंत येत होता. आर्डिसने चाक धरलं. सिग्ने आणि ऑगी मागे तोंड करून बसले. पहिल्यांदाच दोघं एकाच दिशेला पाहत होते.

दोऱ्या ताणल्या. चौघे उभे राहिले. आहेत. तिघे. आहेत. दोघी. आहेत... टोवाचा पाय मांडीवर, कमरेवर, खांद्यावर... आणि ती उभी राहिली. हात पसरले.

ऑगी अवाक. त्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं. डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीकडे सरकत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याने नुसता तिचा हात शोधला.

"आहेत," सिग्ने म्हणाली. या वेळी शब्द तिने सोडला नाही.

"हे असं असतं," तो पुटपुटला. मग तिच्या कानाशी वाकून, "ड्युलूथला जाऊ नकोस, सिग्ने. माझ्यासाठी थांब."

तिला उत्तर देता येत नव्हतं. "आहेत."

"रागावलीस?"

"आहेत."

"निदान मान तरी हलव."

पण मान मनोऱ्यावरून हलवायची नव्हती. आहेत... आहेत... दर शब्दागणिक तिने त्याचा हात दाबला, ऑर्गनवर ठेका धरावा तसा. अख्खं तळं त्यांनी असं ओलांडलं. किनाऱ्यापाशी टोवा उतरली, मग दोघी, मग तिघे, आणि सगळे टाळ्यांच्या पावसात वाळूवर घसरत गेले.

आर्डिसने इंजिन बंद केलं. लाटा बोटीला हलकेच थापटत होत्या. सिग्नेने निशाण गुंडाळून मांडीवर ठेवलं.

"ड्युलूथला आजच दुसरं पत्र लिहिते," ती म्हणाली. "नाही जात."

"बरं झालं," पुढे पाहतच आर्डिस म्हणाली. "माझ्याने पुन्हा चाकाला हात लावणं व्हायचं नाही. उद्या सहाला दोऱ्या मापून ठेवायच्यात, पुढच्या मोसमासाठी."

"सहाला माझा नेम असतो, आत्या."

"माहितेय," ऑगी म्हणाला. "तो होईपर्यंत मी धक्क्याच्या त्या टोकाला थांबेन."