तांड्यावर राहिलेलं घड्याळ

"खोटं बोलू नये," तो पोरगा म्हणाला. "मी सोळाशे मीटर धावलो तर त्यानं सोळाशेच दाखवावं. बाकी काही नसलं तरी चालते."

पियूषने मोबाइलवर त्याचं बोलणं टिपून घेतलं. दिग्रसच्या मैदानावर सकाळी सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावत होती. पियूष, त्याची आतेबहीण आभा आणि तिच्या शेजारचा विक्की एकेकाला गाठून एकच प्रश्न विचारत होते : तुमच्या मनासारखं घड्याळ कसं असावं?

उत्तरं तऱ्हेतऱ्हेची येत होती. सायकल चालवणाऱ्या काकांना चार्जिंग दिवसभर पुरायला हवं होतं. कॉलेजातल्या एका मुलीने मनगट पुढे करून दाखवलं आणि विचारलं, ही सगळी घड्याळं पैलवानांसाठीच बनवतात का? कबड्डीच्या सरांना उन्हात आकडे दिसत नव्हते. एकाला घामाच्या बोटांनी दाबता येईल असं बटण हवं होतं, तर दुसऱ्याला सागाच्या दाट झाडीतसुद्धा उपग्रह सापडायला हवा होता.

"आन् मले असं पायजे," विक्कीने स्वतःचंही उत्तर देऊन टाकलं, "का मी झोपलो तरी ते धावून येईन."

"तुझ्यावर गजराचं घड्याळसुद्धा फुकट जाईल," पियूष म्हणाला.

हे काम मंदारमामाने लावून दिलं होतं. मंदारमामा म्हणजे पियूषचे बाबा. पुण्याच्या एका कंपनीत ते धावपटूंची घड्याळं बनवायचे. मनगटाला बांधलं की आपण कुठे आहोत, किती धावलो, पुढची वाट कोणती, हे सगळं ते घड्याळ दाखवायचं. दिवाळीच्या सुट्टीत मामा बहिणीकडे, म्हणजे आभाच्या आईकडे आले ते पेटीभर नवी घड्याळं घेऊनच. आल्या आल्या त्यांनी गावामागच्या टेकडीवर एक शर्यत ठरवून टाकली. जंगलातून वर चढायचं, पलीकडच्या कपाशीच्या वावरांतून वळसा घ्यायचा आणि परत यायचं. वाटेवर जागोजागी त्यांनी लाल फिती बांधल्या. मुलांनाही एक घड्याळ दिलं आणि सांगितलं, "वापरा, आपटा, चिखलात बुडवा. काय बिघडतं ते मला कळू दे."

मैदानाच्या टोकाला आभाची आई, सुनीती, बुटाच्या नाड्या बांधत होती. आभा लांबूनच बघत राहिली. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. त्याआधी ते दोघं रोज पहाटे धावायला जायचे. बाबा गेल्यावर आईचे बूट पलंगाखाली गेले ते तिथेच राहिले. मामाच्या शर्यतीचं कळलं तेव्हा एका सकाळी आईने ते बाहेर काढले, झटकले आणि उन्हात ठेवले. आभा त्यावर काही बोलली नाही. आपण बोललो आणि तिने परत आत ठेवले तर, अशी तिला भीती वाटली.

आईच्या मनगटावर बाबांचं जुनं घड्याळ होतं. ते वेळ आणि अंतर तेवढं सांगायचं. नकाशा त्यात नव्हता.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी आई वाट पाहून घ्यायला टेकडीवर निघाली आणि तिघंही मागोमाग गेले. पहिल्या चढावर दोन फिती दिसल्या. पुढे एकही नाही. सागाच्या बुंध्यांवर गाठीचा वळ तेवढा दिसत होता. एका फाट्यावर आई थांबली, थोडी डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे गेली. शेवटी म्हणाली, "चला, खाली जाऊ."

घरी मामा पदकांच्या रिबिनी ओवत बसले होते. फिती नाहीशा झाल्याचं ऐकून त्यांनी मानही वर केली नाही. माकडांनी नेल्या असतील म्हणाले.

"माकडं गाठ सोडून फीत नेतात का?" आभाने विचारलं. "एकही तुटलेली नाही मामा. कुणीतरी नीट सोडून नेल्यात."

"अगं, नेऊ दे ना. धावणाऱ्या सगळ्यांना मी घड्याळ देतोय, हातावरच नकाशा असेल. फितींची गरजच काय?"

"आईच्या घड्याळात नाही."

तेव्हा कुठे मामांनी वर पाहिलं. पेटीतलं एक नवं घड्याळ काढून त्यांनी बहिणीपुढे धरलं. आईने हलकेच मान हलवून नको म्हटलं. बाबांनी धावलेलं सगळं अंतर त्या जुन्या घड्याळात जमा होतं, हे मामांनाही ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. पण जरा वेळाने ते अवघडून म्हणाले, "ताई, मग तुझं नाव मला काढावं लागेल. जंगलात तू चुकलीस तर मी स्वतःला काय सांगू?"

"बरं," आई म्हणाली आणि बूट उतरवायला खाली वाकली.

ते "बरं" आभाला सहन झालं नाही. ती मागच्या अंगणात आली. पियूष आणि विक्की तिथे होतेच.

"फिती परत लागल्या पाहिजेत," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या."

"चोर पकडाचा म्हंतं?" विक्कीचे डोळे चमकले. "झाडावर चढून बसू. आला का उडी."

"आणि तो दुसऱ्याच झाडाकडे गेला तर? टेकडी केवढी आहे," पियूष म्हणाला. मग बोलता बोलता तो थांबला आणि स्वतःच्या मनगटाकडे पाहू लागला. मुलांना दिलेल्या घड्याळात सिमकार्ड होतं. ते कुठे आहे ते पियूषच्या मोबाइलवर निळ्या ठिपक्याने दिसायचं.

शनिवारी उजाडताच त्यांनी मामांकडे उरलेल्या फिती जुन्याच झाडांना बांधल्या. फाट्यावरच्या सागाला जी बांधली, तिच्या गाठीत घड्याळ गुंडाळून लपवलं. मग टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसले. विक्कीने आणलेल्या चकल्या संपल्या. पियूषने पुण्यात चकलीला काय म्हणतात ते सांगायला सुरुवात केली, तर विक्की म्हणाला का चकलीच म्हणत असन, उगाच भाव खाऊ नको. तेवढ्यात आभाने मोबाइल हिसकावून घेतला. ठिपका चालू लागला होता.

तो जंगलातून पलीकडच्या उतारावर गेला, कपाशीच्या वावराच्या कडेने सरकला आणि बंजाऱ्यांच्या तांड्यात जाऊन थांबला.

तिघं धापा टाकत तिथे पोचले. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. बाजेवर लाल फितींच्या घड्या एकावर एक रचलेल्या होत्या. साडीची घडी घालतात तशा. त्यांच्यावर ते घड्याळ.

"हे तुमचं हाय का?" म्हातारीने विचारलं. "मघापासून चिमणीवानी चिवचिव करून राह्यलं."

"आजी, तुम्ही आमच्या फिती काहून चोरल्या?" विक्की सरळच बोलून गेला. आभाने त्याला कोपराने ढोसलं.

म्हातारीला राग आला नाही. तिने तिघांना वरून खालून न्याहाळलं. "आता लेकरंबी पाठवाले लागले का मोजणीले?"

"कसली मोजणी?" आभाने विचारलं.

म्हातारीचं नाव रुपीबाई. काही वर्षांपूर्वी अशीच माणसं आली होती, असं तिने सांगितलं. कुणाशी बोलली नाहीत. हातातल्या यंत्रात बघत वावरातून फिरली आणि झाडांना लाल चिंध्या बांधून गेली. मग खुंटे ठोकले. मग रस्ता आला आणि तिच्या तुरीच्या वावराचे दोन तुकडे करून गेला. यंदा पुन्हा एक जण आला. मनगटाकडे बघत चार पावलं पुढे जायचा, चार मागे यायचा, परत पुढे जायचा. मग त्याने तिच्या बांधावरच्या झाडाला लाल फीत बांधली.

"बाबा!" पियूषला हसू आवरेना. "सिग्नल मिळत नव्हता म्हणून मागे-पुढे करत होते ते."

"मोजणीवाले असेच दिसते," रुपीबाई म्हणाली. "आमी सगळ्या बायाईनं मिळून सोडल्या मंग. फेकल्या नाई. ज्याच्या त्याले देऊन टाकाच्या म्हून ठेवल्या."

आभाने शर्यतीचं सगळं सांगितलं. बोलता बोलता आईचं, बुटांचं, बाबांच्या घड्याळाचंही सांगून गेली. ते सांगायचं तिच्या मनात नव्हतं. रुपीबाई ऐकत राहिली. मग उठून आभाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिघांना तांड्याच्या नायकाकडे, म्हणजे तिथल्या प्रमुखाकडे, घेऊन गेली.

नायक प्रेमसिंग चष्मा पुसत सगळं ऐकून घेत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "खेळाचं हाय तं चांगलं हाय. पण तांड्यात कामानं येणारा पयले नायकाच्या दारी बसते. च्या पेते, काम सांगते. मंग हवं तिथं जाते. फिती त्यानं बांधल्या, तं सांगाचं बी त्यानंच. पोराईच्या तोंडून कायले?"

आभाने तिथूनच मामाला फोन लावला. मामा गडबडीत होते. बॅनरवर शर्यतीचं नावच चुकीचं छापून आलं होतं. तूच समजावून सांग ना त्यांना, म्हणाले, मला आज श्वास घ्यायला वेळ नाही. आणि फोन बंद केला.

 मग आभाने रुपीबाईच्या बाजेवरून बरोबर आणलेलं घड्याळ प्रेमसिंगांच्या हातात ठेवलं.

"नायकबाबा, हे मामांचं आहे. त्यांच्याच हातात द्याल?"

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दुसऱ्या कोनाच्या हाती देत नाई," ते म्हणाले.

आभाने पुन्हा फोन लावला. "मामा, तुमचं नवं घड्याळ तांड्यावर आहे. नायक म्हणतात, मालकाशिवाय कुणाला देणार नाही."

"मालकाशिवाय म्हणजे? अगं, ते अजून बाजारातसुद्धा आलेलं नाही!"

मोटरसायकलचा आवाज यायला फार वेळ लागला नाही. मामा घाईघाईने आत शिरले, पण प्रेमसिंगांनी बाज पुढे सरकवली. बसावं लागलं. चहा आला. प्यावा लागला. नायकांनी घड्याळ हातात फिरवत विचारलं की हे करते काय? मग मामांची कळी खुलली. ते उपग्रह, चढ-उतार, हृदयाचे ठोके, सगळं भराभरा सांगत सुटले. रुपीबाई दाराशी टेकून ऐकत होती.

"अस्सं," ती म्हणाली. "म्हंजे तुमी माह्या वावरात मोजाले नोते आले."

"तुमच्या वावरात?" मामा गोंधळले.

पियूषने त्यांना सगळं सांगितलं. ते चार पावलं पुढे, चार मागे चालणं त्याने उठून करूनही दाखवलं, तेव्हा दारात जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. रस्त्याची, तुरीच्या वावराची गोष्ट त्यांनी रुपीबाईला पुन्हा सांगायला लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. मग उभे राहून हात जोडले.

"आजी, चुकलं माझं. आधी इथे यायला हवं होतं. फिती बांधताना तुम्हाला धास्ती बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"बसा," रुपीबाई म्हणाली. "च्या संपवा पयले."

पुढचं सगळं चहा संपायच्या आत ठरलं. शर्यत कपाशीच्या ओळींतून न जाता बांधाबाहेरून जाईल. फिती सोडणाऱ्या बायाच त्या परत बांधतील. आणि प्रत्येक वळणावर तांड्यातलं कुणीतरी पाणी घेऊन उभं राहील, हे प्रेमसिंगांनी न विचारताच सांगून टाकलं. मामा निघताना आभाजवळ थांबले. "घड्याळ अडकवून मला इथे ओढून आणलंस," ते म्हणाले. "शहाणी आहेस. आणि माझ्यापेक्षा जास्त शहाणी आहेस, हे मी तुझ्या आईला सांगणार आहे."

"नाव काढणार नाही ना तिचं?"

"कसं काढू? आता वाट सगळ्यांना दिसणार आहे."

रविवारी सकाळी आईने बूट घातले आणि गर्दीत मिसळली. शिट्टी वाजली. पोलीस भरतीची पोरं सुसाट सुटली, मागून सायकलवाले काका, कॉलेजची मुलगी, कबड्डीचे सर. सगळ्यांत शेवटी आई. आभा, पियूष आणि विक्की जवळच्या वाटेने तांड्याकडच्या वळणावर जाऊन उभे राहिले. रुपीबाई तिथे कळशी घेऊन आधीच हजर होती.

एकेक करून सगळे गेले. मग बराच वेळ कुणीच आलं नाही.  आभाने दोनदा वाटेवर जाऊन पाहिलं.  रुपीबाई कळशी काखेत घेऊन तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

सागांतून आई दिसली तेव्हा ती धावत नव्हती, भराभर चालत होती. चेहरा घामाने डवरला होता. वळणावर तिने एक क्षण फीत पाहिली आणि नंतर आभाला. रुपीबाईने पाण्याचा गडवा पुढे केला. आई उभ्यानेच पाणी प्यायली.

"तुमीच का आभाची माय?" रुपीबाईने विचारलं. "पोरगी लय कामाची हाय. जपा तिले."

आईने गडवा परत दिला. मग तिने रुपीबाईचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला. "वाटेत प्रत्येक वळणावर कुणीतरी म्हणत होतं, बाई, इकडून, आता थोडंच राहिलं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी एकटीच धावणार आहे. तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कायचे? जा आता, पाय थंडे होतीन."

आई निघाली आणि दोन पावलांवर वळली. "आभा, धावतेस का माझ्याबरोबर? पूर्वी धावता धावता तुझ्या बाबांना सगळं सांगायचे मी. कुठे काय दिसलं, कुठे धाप लागली. आज वर चढताना कितीतरी गोष्टी सांगायच्या म्हणून मनात धरून ठेवल्यात."

"सगळ्या सांग," आभा म्हणाली. "पहिल्या चढापासून."

आणि दोघी उताराला लागल्या. मागून विक्की ओरडत होता की हे नियमात बसत नाही, आणि आईच्या मागोमाग वळणावर पोचलेले मामा त्याला गप्प बसायला सांगत होते.