सोडायचा खडा

सांगलीत घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर रहिमानभाईचं शिलाईचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही 'गो' खेळतो. त्याचा पुतण्या तौसीफ पुण्यात जपानी कंपनीत आहे, त्यानं शिकवलेला खेळ. प्लायवूडवर मार्करनं आखलेल्या रेघा. पांढरे म्हणून शर्टाची बटणं, ती त्याची. काळे माझे, नदी उतरल्यावर रहिमानभाईनंच घाटाखालून वेचून आणलेले खडे. चारी बाजूंनी कोंडला गेला की खडा मेला, उचलायचा.

"लालासाब, बुडत्याला सोडायचं, बाकीचं जगवायचं," तो मला नेहमी टोकायचा. "तुमी एकाला धरता आन् रांगच्या रांग घालवता."

"आमचे बुवा कीर्तनात गजेंद्रमोक्ष लावतात ना, तेव्हा देव नुसत्या हाकेसरशी धावतो. मग मी कोण सोडणारा?"

"देवाला डाव जिकायचा नसतो, गड्या!"

परवा मात्र त्याचं ऐकून मी कोपऱ्यातला एक खडा सोडला. त्यानं तो उचलला आणि बोटं झटकली. "लय गार हाय." बाहेर ऊन रटरटत होतं.

तेवढ्यात समोरच्या रंगुबाई ब्लाउज न्यायला आल्या. मी म्हणालो, "उद्या नाथाजीचं वर्षश्राद्ध ना? येतो मी."

"कोन नाथाजी वो?"

स्वतःचा नवरा! चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. पिशवी काखेत मारून त्या गेल्या.

मी पटाकडे पाहिलं. मधोमध एक खडा, अंगावर पांढरी वाकडी शीर. दहाव्याला हाच खडा मी या हातांनी कृष्णेत सोडला होता. माझ्या बायकोचा, विजयमालाचा जीवखडा. घाटाखालचे सगळे तसलेच असणार; मघाशी कोपऱ्यातला सोडला तो नाथाजीचा. रहिमानभाईकडे दफन करतात; त्याला काय ठाऊक!

तिच्या तीन बाजूंना बटणं होती.

"डाव मोडू," म्हणत मी पट उधळायला गेलो. एकही खडा हलला नाही. जणू लाकडातूनच उगवलेले.

"भाई, बटण ठेवू नका."

"हात थांबंना, लालासाब." त्याच्या कपाळावर घाम होता. "सोडा त्यो खडा. डावीकडची रांग तरी वाचंल."

"नाही सोडणार."

विठ्ठलाचं नाव घेतलं आणि तिच्याशेजारी खडा ठेवला. खट्. बटण आलं.

पुन्हा ठेवला. पुन्हा बटण.

डावीकडची रांग कोंडली गेली. रहिमानभाई एकेक खडा उचलत होता. कुणाचा कोण, मी बघितलं नाही. बघणारही नव्हतो.

तिला वाट फुटली. ती सुटली.

"नेऊन दाखव आता!" मी ओरडलो. कुणाला, ते माहीत नाही. डाव तर मी हरलो होतो.

घरी येईपर्यंत तिची हाक, तिचं हसणं, सगळं आठवून पाहिलं. सगळं जागेवर होतं. भिंतीवर तिचा फोटो होता. मी हात जोडले.

शेजारी फौजी वर्दीतल्या एका तरुणाचा फोटो. त्यालाही सकाळचाच ताजा हार.

माझी सून पूजा पदराला हात पुसत त्याच्याकडे बघत उभी होती.

"आबा, हे कोण हो?"

मी चष्मा लावून निरखलं. मला काही आठवेना. नाक मात्र हुबेहूब माझं होतं.