वैशाखात फुगलेलं दार

दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. एवढी शिस्त लाकूड सरकारी नोकरांपेक्षा चोख पाळतं. म्हणून एकावन्न सालच्या ऐन वैशाखात पुंजाराम वखारवाल्यानं ‘दार फुगलंय’ असा निरोप धाडला, तेव्हा मजीद मिस्त्री हसला आणि रंधा पिशवीत टाकून शहागंजातून निघाला.

दार त्यानंच केलेलं, पुंजारामच्या विहिरीत मुरवलेल्या बाभळीचं. कच्च्या बाभळीला भुंगा लागतो, म्हणून ती वर दगड ठेवून काही महिने पाण्यात बुडवायची आणि मग सावलीत वाळवायची. ही तर चांगली खडखडीत वाळलेली होती.

बाहेर ऊन रणरणत होतं, पण दारापाशी विहिरीतल्यासारखा गारवा होता.

“तूच लोट,” पुंजाराम लांबूनच म्हणाला.

दार हललं नाही, तेव्हा मजीदनं रंधा चालवला. छिलके पडले ते ओलेचिंब. त्यांना शेवाळाचा वास होता, आणि त्याखाली... हिन्याच्या अत्तराचा.

मजीदचा हात थांबला. कानात हिन्याचा फाया घालून मिरवणारा वखारीत एकच होता, पुंजारामचा भागीदार बद्रीनाथ. मजीद त्याला म्हणायचा, “माझ्यापेक्षा तूच नवाब दिसतोस, गड्या.” पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तो दिसेनासा झाला. “घाट उतरून खानदेशात गेला. येईल,” पुंजारामनं सांगितलं. निजामाचं राज्य पाच दिवसांत गेलं. पुंजारामचा शब्द मात्र तीन वर्षं टिकला.

बद्री दिसेनासा झाला त्याच दिवशी पुंजारामनं मजीदला विहिरीवर बोलावलं होतं. “बाभूळ वर येतीय. दगड टाक... अजून टाक.” मजीदनं जीव तोडून मोठमोठे दगड सोडले होते. वर पुंजारामनं स्वतःच्या हातानं चहा पाजला होता.

“शेठ,” मजीद हळूच म्हणाला, “बाभळीखाली काय होतं?”

“पाणी... विहिरीत दुसरं काय असणार? आणि ती विहीर मी कवाच बुजवली.”

विहीर आहे की बुजवली, हे मजीदनं विचारलंच नव्हतं.

तो तसाच निघाला. रंधाही तिथंच राहिला. मागच्या गल्लीत बद्रीची आई मनकर्णाबाई एकटी राहायची. तीन वर्षं ‘येईल, मावशी’ म्हणून तिला धीर देणारा हाच होता. दारातून उरलेल्या त्याच बाभळीची बाजही त्यानंच तिला करून दिली होती. आज मात्र खरं सांगायचं होतं.

“ये रे, मजीद. काही पत्ता?” म्हातारी बाजेवर बसली होती.

“मावशी...”

“बाज लई झाक केलीस बघ. एवढ्या उन्हाळ्यात पाठ गार राहते. डोळा लागला की कुणी पाय चेपतं... बद्रीच वाटतो.”

मजीदची नजर खाली गेली. बाजेच्या चारही पायांशी शेणानं सारवलेली जमीन ओली होती.

म्हातारी खाली वाकून पुटपुटली, “रोज एकच म्हणतो. मजीदला म्हणावं, दगड काढ.” आणि तिनं भाबडेपणानं वर पाहिलं. “कसले दगड रे?”