मैदान गप्प झालं तेव्हा

सुईला घाबरणारी माणसं माधवीला रोजच भेटायची. पण सहा फूट उंचीचा, सुपाएवढ्या पंजांचा गडी खुर्चीत बसल्याबसल्या भिंतीकडे तोंड फिरवतो आणि डोळे गच्च मिटून घेतो, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आर्वीच्या एसटी स्टँडसमोरची रक्त तपासायची छोटी लॅब, डिसेंबरची सकाळ, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन. तिनं हसू दाबून त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

"मूठ आवळा… श्वास सोडा… झालंच समजा."

"हा आवाज मी ओळखतो," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला.

माधवीनं मनात कपाळावर हात मारला. आठवड्यातून एक तरी असा नमुना यायचाच.

"ओळखत असाल. आर्वीत सगळेच ओळखतात."

"सगळे ओळखत असतील. मले मात्र झोपेतही ऐकू येते."

"सुई अजून माह्या हातात हाये. जरा सांभाळून बोलजा."

"तेच म्हणतो," तो म्हणाला. "मागच्या जानेवारीत तुमच्या हातात माइक होता."

तिची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली. रत्नदीप थूल, मुक्काम नाचणगाव. तळेगावच्या वीज केंद्रात नवी नोकरी, त्यासाठी तपासणी. नाव वाचलं आणि रोज चाळीस माणसांचं रक्त न चुकता काढणारा तिचा हात पहिल्यांदा थांबला.

त्याचं असं झालं होतं. नाचणगावला खेटून असलेल्या पुलगावात दर जानेवारीत मिलच्या मागच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा भरायची. माधवीचे वडील बापूराव स्पर्धेचे सेक्रेटरी. जुन्या निवेदकाचा घसा बसल्यापासून माइक माधवीच्या हाती आला होता आणि पोरीची जीभ अशी तिखट, की काही लोक खेळ पाहायला कमी आणि तिचं ऐकायला जास्त यायचे. मागच्या जानेवारीतल्या फायनलमध्ये गावच्याच पंचशील क्लबच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू निवांत आत गेला. माधवी माइकवर म्हणाली होती, "रत्नदीपभाऊ, दार लावून घ्या, थंडी येऊन राह्यली."

दोन हजार माणसं पोट धरून हसली होती. माधवी घरी गेली, जेवली आणि विसरली. मैदान काही विसरलं नाही. त्यानंतर पुलगावात कुठलाही सामना असो, चेंडू घरच्या गोलकडे वळला रे वळला, की दोरीमागून ओरडा सुरू – "दार लाव! दार लाव!"

ती त्याची माफी मागू लागली. त्यानं मागूच दिली नाही. राग नाही, म्हणाला. तिचा शब्द एकच होता, गावानं वर्षभर पुरवून खाल्ला, त्याला ती काय करणार. फक्त या जानेवारीत शेवटचं खेळतो आणि हातमोजे काढून ठेवतो, एवढं त्यानं सहज सांगितलं. अशा गोष्टी लोक सहज सांगतात तेव्हा त्या पक्क्या झालेल्या असतात.

"काऊन पर?"

"हिंगणघाटले खेळतो, वर्ध्याले खेळतो, तिथं मले बॉल दिसते," तो म्हणाला. "घरी खेळलो का मानसं दिसतात."

कापसाचा बोळा कोपरात दाबून धरून तो गेला. माधवीला मात्र त्या दिवशी दुपारचा डबा गोड लागला नाही.

ती रोज घरी जायची त्या संध्याकाळच्या साडेपाचच्या पुलगाव गाडीत तो होता. दुसऱ्या दिवशीही होता. तळेगावहून आर्वी, आर्वीहून पुलगाव, हा आता त्याचा रोजचाच रस्ता. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळची जागा धरून ठेवलेली, वर रुमाल. हा रुमाल कुणासाठी, हे कंडक्टरनं विचारलं नाही. कंडक्टर लोकांना सगळं कळतं. तळेगावच्या बाजारातली संत्री तो पिशवीत घेऊन यायचा. पंजे एवढे मोठे, पण साल अशी अलगद सोलायचा, की एक तुकडाही पडू नये. फोड तिच्या हातावर ठेवताना मात्र त्याची बोटं उगाच घाईत असायची…

"एक विनंती हाये," एकदा तो म्हणाला. "मैदानावर मले काहीही म्हणा. फक्त भाऊ म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

"तुमच्याकडे शब्दाची कमी हाये काय?"

होती. नेमकी त्या क्षणी होती. माधवी खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहू लागली आणि आर्वी ते पुलगाव रस्ता एवढा लहान कोणी केला, असं तिला वाटलं.

एका रविवारी सकाळी ती सराव पाहायला गेली. मैदान रिकामं, गवतावर दव. तिथं तिला जे दिसलं, ते दोन वर्षं माइकसमोर बसून कधी दिसलं नव्हतं. रत्नदीप बोलत होता. अखंड बोलत होता. मोठ्यानं नाही, आपलं साधं, घरात बोलावं तसं. डावीकडे मानूस हाये, प्रफुल्ल. मागं सरक. सोड, माहा बॉल. त्याच्या त्या आवाजावर प्रफुल्लसकट सगळा बचाव हलत होता. पुढे तोंड करून खेळणाऱ्यांना पाठीमागचं दिसत नाही, ते गोलकीपरला दिसतं. तो त्यांचे पाठीमागचे डोळे होता. त्या सकाळी त्याच्या हातून एकही चेंडू निसटला नाही.

आणि मग माधवीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरच्या सामन्यात गर्दी ओरडायला लागली, की आधी त्याचा आवाज बुडायचा, मग तो बोलायचाच थांबायचा. तो मुका झाला, की बचाव आंधळा. मग कोणीही कुठंही लाथ मारायचा, चेंडू आत जायचा आणि लोक म्हणायचे, बघा, दार उघडं. आपलाच संघ आपल्याच तोंडानं हरवायचा आणि वर त्याच पोरांना शिव्या घालायच्या, असा पुलगावचा कारभार चालला होता. त्या कारभाराचं उद्घाटन आपण केलं, हे तिच्या मनातून जाईना.

गाडीत तिनं त्याला सांगितलं, मी माइकवरून बोलते लोकांशी. त्यानं मान हलवली.

"नाई. तुमी काहीच बोलू नका. जितकं बोलसान तितकं लोकाइले आठवन. मले शेवटची स्पर्धा गुपचूप खेळू द्या."

तिनं शब्द दिला.

जानेवारी आला. पंचशील कसाबसा सेमीफायनलला पोचला, समोर हिंगणघाट. तीन वाजताचं ऊन, दोरीमागे माणसांच्या रांगा, संत्र्याच्या सालीचा वास. दोरीजवळ नेहमीच्या जागी आनंदाबाई भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसलेली. साठीची बाई, पण आवाज असा, की "दार लाव" ची पहिली हाक बहुतेक तिचीच असायची. माधवीनं ठरवल्याप्रमाणे फक्त नावं आणि वेळ सांगितली. थट्टा नाही, कोटी नाही. काही उपयोग झाला नाही. विसाव्या मिनिटाला चेंडू घरच्या गोलकडे आला आणि सगळं मैदान हाक मारायला लागलं. माधवी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दोनदा त्याचे ओठ हलले. मग मिटले. प्रफुल्लला मागचा माणूस दिसलाच नाही. गोल.

मध्यंतरात रत्नदीप खांबाला टेकून एकटा बसला. पाण्याची बाटली कोणी दिली नाही, त्यानंही मागितली नाही. शब्द पाळला, तर हा माणूस असाच एकटा उठून जाणार. मोडला, तर कदाचित आपल्याशी पुन्हा बोलणार नाही. साडेपाचची गाडी, खिडकीजवळची जागा… सगळंच जाईल. तिनं बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांना काही ठाऊक नव्हतं, तरी मुलीचा चेहरा पाहून ते माइकपासून जरा बाजूला सरकले.

"लोकहो," ती म्हणाली. "दार लाव म्हणता, ते मागच्या साली मी बोलली होती. मले गंमत वाटली. गंमत माही झाली, अन् भोगलं त्यानं. माही चूक झाली. हे मी दोन हजार मानसाइसमोर बोलली होती, म्हणून माफीबी तितक्याच मानसाइसमोर मागते."

मैदानावर चुळबुळ झाली. रत्नदीप उठून उभा राहिला होता. तो रागात आहे की काय, ते एवढ्या लांबून कळेना.

"एकच मागणं हाये," माधवी म्हणाली. "बॉल आपल्या गोलकडे आला का गप्प राहा. तो पोराइले मागून सांगत असते, त्याचं त्याइले ऐकू जाऊ द्या. त्यानं बॉल धरला, मंग काय टाळ्या वाजवायच्या त्या वाजवा."

तिनं माइक बंद केला. तिच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती.

उत्तरार्ध सुरू झाला. चेंडू घरच्या गोलकडे वळला. कुणीतरी सवयीनं "दा…" केलं, तोच आनंदाबाई गर्रकन वळली. "चूप बस ना बापा," ती म्हणाली, "त्याले बोलू दे." आणि मैदान गप्प झालं. दोन हजार माणसं श्वास रोखून उभी. मिलच्या कौलावरचे पारवे ऐकू येत होते. त्या शांततेत एक साधा, जरासा घोगरा आवाज उमटला.

"प्रफुल्ल… मागं मानूस हाये… सोड. माहा बॉल."

प्रफुल्लनं सोडला. रत्नदीपनं छातीशी धरला. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो माधवीनं आयुष्यात ऐकला नव्हता. एवढ्या साध्या चेंडूला. पुढच्या वेळी तो जरा मोठ्यानं बोलला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. पोरांच्या पायांत जीव आला, खांदे ताठ झाले, एकमेकांना चेंडू द्यायची भीती गेली. साठाव्या मिनिटाला प्रफुल्लनंच बरोबरी साधली. शेवटी पेनल्टीवर आलं. रत्नदीपनं दोन अडवल्या, पण पंचशीलच्याही दोन हुकल्या. आता प्रफुल्लनं शेवटची आत मारली, की बरोबरी टिकणार होती. त्यानं मारली आणि चेंडू आडव्या खांबावरून थेट मिलच्या भिंतीवर गेला.

हरले. प्रफुल्ल गुडघ्यावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. पुलगावचा रिवाज माधवीला पाठ होता. आता पुढच्या वर्षभरासाठी नवं नाव सापडलं. तिनं डोळे मिटले.

टाळ्या ऐकून तिनं ते उघडले. आनंदाबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेंगांची टोपली पायाशी कलंडली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. मग तिच्या शेजारचे उठले, मग सगळी रांग. दोरी ओलांडून माणसं आत गेली, पण शिव्या द्यायला नव्हे. रत्नदीप त्यांच्याही आधी प्रफुल्लजवळ पोचला होता. त्याला उठवून त्याच्या खांद्यावर हात टाकून तो सावकाश निवेदनाच्या मंडपाकडे आला. त्यानं बापूरावांकडे माइक मागितला.

"मी नऊ साल झाले इथं खेळून राह्यलो," तो म्हणाला. "घरी खेळल्यासारखं आज वाटलं. तुमचे लय उपकार झाले." एवढंच बोलला आणि मैदानाकडे पाहून त्यानं हात जोडले. माधवीचे डोळे भरून आले. आपल्या गावावर एवढं प्रेम आपल्याला आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग बापूरावांकडे वळून तो म्हणाला, "काकाजी, पुढच्या साली गोलवर माहंच नाव टाकजा."

लोक पांगले. ऊन उतरलं. बापूराव पाहुण्या संघाला चहा पाजायला गेले, की मुद्दामच गेले, हे विचारू नये. माधवी वायर गुंडाळत होती. दुसऱ्या टोकानं रत्नदीप गुंडाळत येत होता.

"शब्द मोडला मी," ती वर न पाहता म्हणाली.

"हो."

"रागावले काय?"

"मध्यंतरात लय रागावलो." तो थांबला. "मंग मनात म्हटलं, माह्यासाठी कोनी दोन हजार लोकाइसमोर मान खाली घालन, असं मानूस मले दुसरं कुठं भेटन?"

वायर संपत आली. दोघांच्या हातात एक वीतभर अंतर उरलं. त्याच्या पंजावर धूळ होती, अंगठ्याजवळ खरचटलं होतं.

"मी तुमचा आभारी हाये, माधवी. पर मले आभारावर थांबायचं नाई…" त्याचा तो मैदानभर ऐकू जाणारा आवाज एकदम अडखळला. "तुमी बोला ना काहीतरी. तुमाले तर येते बोलता."

माधवीनं आजूबाजूला पाहिलं. मैदानात कोणीच नव्हतं. तरी ती जवळ सरकली. त्याच्या खरचटलेल्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि त्याच्या एकट्याच्याच कानापर्यंत पोचेल इतक्या हळू ती म्हणाली, "मले तू आवडतो. लय आवडतो."